कोकणात जुनी मर्सिडीज सांभाळताना
रत्नागिरीत राहून डब्ल्यू-१२४, म्हणजे १९९५ मध्ये पुण्यात जुळवणी सुरू झालेली मर्सिडीज ई-क्लास, घेण्याचा तुमचा विचार असेल, तर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी गाडीखाली वाकून पत्रा पाहावा. इंजिन दुरुस्त होते. खाऱ्या वाऱ्याने आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसाने खाल्लेला पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागतो, आणि तो नीट जोडणारा कारागीर शोधणे हेच मोठे काम असते. जॅक लावण्याच्या जागांभोवतीचा पत्रा दारांखालची प्लॅस्टिकची पट्टी काढल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. माझ्या गाडीची पट्टी मी पहिल्यांदा काढली, तेव्हा आतून ओंजळभर लाल माती पडली आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पत्र्यातून आरपार गेले. वरचा रंग मात्र आरशासारखा चमकत होता!

म्हणून पावसाळ्यापूर्वी बोनेटच्या मागच्या कडेला साचलेला पालापाचोळा काढून पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी करावीत, आणि पाऊस संपताच गाडीचा तळ धुऊन, पूर्ण वाळवून अँटी-रस्ट कोटिंग करून घ्यावे. गाडी पेट्रोलची असल्यास इंजिनावरची वायर हलकेच वाकवून पाहावी, कारण त्या काळातील वायरींचे वेष्टन उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते दर दोन वर्षांनी बदलावे. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी कधीही ओतू नये. योग्य कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळूनच वापरावे.