टॉवेल टाकणाऱ्याच्या बाजूने

अरे राजा,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो नव्हता म्हणून हे निवांत बसून लिहितेय. तू म्हणतोस टोकियोच्या कोराकुएन हॉलची बातमी वाचल्यापासून बॉक्सिंगची फाइट बघताना पोटात कालवतं, आणि तरी रविवारी सकाळी अमेरिकेतली शनिवार रात्रीची फाइट सुरू झाली की हात आपोआप मोबाइलकडे जातो, तर मावशी तू इतकी वर्षं हे कसं निभावतेस आणि मी आता बघणं सोडू का.

"अरे बघ बिनधास्त, एवढं काय मनाला लावून घ्यायचं" असं मी म्हणणार नाही. पोटात कालवतंय ते बरोबरच कालवतंय. 2 ऑगस्ट 2025, एकाच संध्याकाळी, एकाच रिंगमध्ये, पण दोन वेगळ्या लढतींत शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा लढले, दोघंही 28 वर्षांचे, दोघांच्याही मेंदूभोवती रक्त साचलं, दोघांचंही कवटी उघडून ऑपरेशन झालं, 8 तारखेला कोतारी गेला आणि 9 ला उराकावा. कोतारी तर हरलाही नव्हता रे. 12 राउंड पूर्ण उभा राहून लढला, फाइट ड्रॉ झाली. म्हणजे नॉकआउट वाईट आणि पॉइंटवर संपलेली फाइट सेफ असं जे आपण फॅन लोक मनाशी धरून बसतो ना, ते खरं नाही.

हे होतं कसं ते नीट समजून घे, कारण फॅनने निदान एवढं तरी माहीत करून घ्यायलाच पाहिजे. ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं आणि आतला मेंदू त्याच वेगाने फिरत नाही, मागे राहतो, त्या ओढाताणीत मेंदूवरून जाणाऱ्या बारीक शिरा तुटू शकतात. ग्लोव्ह्जने हे थांबत नाही, ग्लोव्ह्ज मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं वाचवतात, म्हणून तर तो डोक्यावर पुन्हा पुन्हा मारू शकतो. आणि जे एका रात्रीत दिसत नाही ते वेगळंच. 1928 साली हॅरिसन मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरांच्या तोल जाण्याबद्दल, अडखळत्या बोलण्याबद्दल 'पंच ड्रंक' म्हणून लिहून ठेवलं, आज त्याच वाटेवरच्या मेंदूच्या आजाराला सीटीई म्हणतात आणि तो आहे की नाही हे अजूनही पक्कं कळतं ते माणूस गेल्यावर मेंदू तपासूनच. त्यातला बराचसा मार आपल्याला टीव्हीवर दिसतच नाही, तो जिममध्ये स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतींत, बसलेला असतो, वर्षानुवर्षं, बिनतिकिटाचा.

"क्रिकेटमध्येही बॉल डोक्याला लागतो की" हे तू लिहिलंयस, ते सोड. तिथे डोक्याला लागणं हा अपघात, इथे तेच काम आहे. आपल्या कुस्तीकडे बघ, तीही रांगडी, कान मोडतात, गुडघे जातात, पण पाठ टेकली की संपलं, चितपट म्हणजे चितपट, समोरच्याची शुद्ध हरपेपर्यंत लढत राहावं लागत नाही. बॉक्सिंगमध्ये सगळ्यात सुंदर मानलेला शेवट म्हणजे समोरच्याच्या मेंदूचं काम काही सेकंद बंद पडणं. हे असं उघड लिहिलं की अंगावर येतं, पण आपण ज्याला टाळ्या वाजवतो ते हेच आहे आणि ते ठाऊक असूनच बघायचं किंवा सोडायचं.

दुसरं तू लिहिलंस, त्यांनी स्वतः निवडलंय, आपण कोण ठरवणारे. यात अर्धं खरं आहे, आणि ज्या घरांतून ही पोरं येतात तिथे दुसरा रस्ता किती असतो हेही त्यात धर, तरीही निवड त्यांची, मान्य. पण ती निवड करारावर सही करताना असते. अकराव्या राउंडला, डोक्यात रक्त साचत असताना, जो माणूस "मी ठीक आहे" म्हणतो तो कोणत्या मेंदूने म्हणतो? 2019 च्या जुलैत मेरीलँडमध्ये मॅक्सिम दादाशेव सुब्रियेल मॅटियासशी लढत होता, अकरावा राउंड संपल्यावर त्याचा ट्रेनर बडी मॅकगर्ट त्याच्यासमोर वाकून अक्षरशः विनवत होता की मी थांबवतोय, आणि दादाशेव मान हलवून नाही नाही करत होता. मॅकगर्टने ऐकलं नाही, थांबवली. तरी उशीर झालेला होता, चार दिवसांनी दादाशेव गेला, तोही 28 चाच. त्या स्टुलावर बसलेल्याची 'निवड' ऐकायची नसते, म्हणूनच कॉर्नर असतो, म्हणजे बॉक्सरचा ट्रेनर आणि त्याची माणसं, जी टॉवेल टाकून फाइट थांबवू शकतात, रेफरी असतो, रिंगजवळ डॉक्टर असतो.

आता माझं खरं म्हणणं. तू मला विचारतोयस बघणं बरोबर की चूक, आणि मला वाटतं त्याआधी हे विचार की बघताना तुझं मन कोणाच्या बाजूने असतं. लाल की निळा कॉर्नर ते सोड. फाइट चालू ठेवणाऱ्यांच्या बाजूने की थांबवणाऱ्याच्या? कारण हॉलमधला आरडाओरडा, दुसऱ्या दिवशीच्या कमेंटी, विकली गेलेली तिकिटं हे सगळं त्या रेफरीच्या मानेवर असतं. लवकर थांबवली तर त्याला दहा वर्षं शिव्या, उशिरा थांबवली तर बहुतेक वेळा सगळे म्हणतात काय फाइट होती. हे आपण फॅन लोकांनी करून ठेवलंय, दुसऱ्या कोणी नाही.

चावेझ आणि मेल्ड्रिक टेलरची फाइट तू बघितलीच असशील, 17 मार्च 1990, लास वेगास. टेलर, 1984 चा ऑलिम्पिक गोल्ड मेडलिस्ट, तीनपैकी दोन जजांच्या कार्डावर पुढे, नुसता उभा राहिला तरी जिंकलाच होता, आणि बाराव्या राउंडच्या शेवटी चावेझने त्याला पाडला. तो उठला. रेफरी रिचर्ड स्टीलने विचारलं ठीक आहेस का, उत्तर नाही, टेलरची नजर कॉर्नरकडे, आणि स्टीलने हात हलवून फाइट संपवली. घड्याळात 2 सेकंद उरले होते. त्यावरून आजपर्यंत भांडणं चालतात, तूही मागे मला लिहिलं होतंस की स्टीलने लुटला बिचाऱ्याला. मी म्हणते स्टील बरोबर होता. त्याचं काम घड्याळ बघायचं नव्हतंच, समोरचा माणूस उत्तर देतोय का एवढंच बघायचं होतं आणि तो देत नव्हता. त्या 2 सेकंदांनी टेलर वाचला असं मात्र मी म्हणत नाही, त्याचं नुकसान आधीच्या 35 मिनिटांत होऊन गेलं होतं, जिंकत असतानाच, बहुतेक राउंड घेत असतानाच. नंतरच्या वर्षांतल्या त्याच्या मुलाखती ऐक, शब्द कसे जड झालेत ते ऐक. ती फाइट महान होती आणि त्या महानपणाची किंमत त्या पोराच्या बोलण्यातून गेली. यातलं कुठलंही एक वाक्य गाळून मला पुढे जाता येत नाही.

उलट बाजूला एडी फच, जो फ्रेझरचा ट्रेनर. मनिला, 1 ऑक्टोबर 1975, अली आणि फ्रेझर, 14 राउंड झालेत, फ्रेझरला जवळजवळ दिसत नाहीये आणि तो म्हणतोय मला सोडा, एकच राउंड राहिलाय. फचने सोडलं नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना आपल्याच माणसाकडून हिरावून घ्यायला केवढी छाती लागते! मला त्या फाइटमधला कुठलाही ठोसा आठवायच्या आधी फच आठवतो. तुलाही हळूहळू तसं व्हावं अशी माझी इच्छा आहे.

आणि जिथे कोणी वेळेत थांबवलं नाही तेही बघ. 1977 मध्ये अर्नी शेव्हर्सशी लढत झाल्यावर अलीचा डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याच्या किडनीचे रिपोर्ट बघून सांगितलं की आता बास, जवळच्या माणसांना रिपोर्टच्या कॉपी पाठवल्या, कोणी दाद दिली नाही, तेव्हा ते कॉर्नर सोडून गेले. 1980 च्या जानेवारीत अली आपल्याकडे येऊन गेला, दिल्लीत कौर सिंगबरोबर चार राउंडचा प्रदर्शनीय सामना खेळला, आपल्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, 38 व्या वर्षी, तो लॅरी होम्ससमोर उभा राहिला आणि दहा राउंड नुसता मार खाल्ला. होम्सला मारवेना, तो मधेच रेफरीकडे बघायचा. दहाव्यानंतर अलीचा ट्रेनर अँजेलो डंडीने थांबवलं. त्यानंतरही 1981 ला बहामाजमध्ये अजून एक फाइट झालीच. 1984 ला पार्किन्सन्सचं निदान झालं. ते बॉक्सिंगमुळेच का यावर डॉक्टरांत वाद आहे, पण होम्सशी लढायला त्याला परवानगी मिळायलाच नको होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि ती फाइट उभी राहिली कशी? लोकांना अली अजून एकदा बघायचा होता म्हणून. फॅनच्या प्रेमानेसुद्धा माणूस मरतो हे लक्षात ठेव, म्हणून उतारवयातल्या कमबॅक फाइट मी बघत नाही, फुकट दाखवल्या तरी नाही. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये 58 वर्षांच्या टायसनला रिंगमध्ये आणला तेव्हाही लावली नव्हती. तूही लावू नकोस.

आवडही बदलता येते, हे मी मनापासून सांगतेय. पर्नेल व्हिटेकर बघ. समोरच्याने मारायचं आणि हा तिथे नसायचाच, गुडघ्यातून खाली बसून, खांदा वळवून, इंचभराने चुकवायचा. गर्दीला असले बॉक्सर बोअर वाटतात, पैसा आणि टाळ्या जातात दोन पावलांवर उभं राहून एकमेकांना झोडणाऱ्यांकडे. गॅटी आणि मिकी वॉर्डची 2002 ची पहिली फाइट, तिचा नववा राउंड, मीही श्वास रोखून बघते, खोटं कशाला बोलू. पण त्याच मिकी वॉर्डने आपला मेंदू मेल्यानंतर बोस्टन युनिव्हर्सिटीला अभ्यासासाठी द्यायचं कबूल केलंय हेही त्या नवव्या राउंडसोबत बघायचं असतं. नुसत्या नॉकआउटच्या क्लिप्स, मागे म्युझिक लावलेल्या, त्या फॉरवर्ड करणं आजच बंद कर. त्यात बॉक्सिंग नसतंच, फक्त पडणारा माणूस असतो.

आणि कोणी स्वतःहून थांबला तर त्याला भित्रा म्हणू नकोस. 1980 ला न्यू ऑर्लीन्समध्ये रोबेर्तो डुरान आठव्या राउंडला पाठ फिरवून थांबला आणि जगाने त्याला वर्षानुवर्षं चिडवलं, त्यातून पुढच्या प्रत्येक पोराने धडा काय घेतला, की मेलं तरी चालेल पण थांबायचं नाही. दोनच वर्षांनी, 13 नोव्हेंबर 1982, किम डुक-कू रे मॅन्सिनीसमोर चौदाव्या राउंडपर्यंत थांबला नाही. चार दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने टायटल फाइट 15 वरून 12 राउंडवर आणल्या, बाकीच्या संघटना मागून आल्या, आणि तेव्हाही फॅन लोकांनी कुरकुर केलीच की खेळाचा जीव गेला. जपानमधल्या त्या दोघांनंतर ओपीबीएफ या आशिया-पॅसिफिकमधल्या बॉक्सिंग संघटनेच्या टायटल फाइट 12 वरून 10 वर आल्या, आता पुन्हा तीच कुरकुर ऐकू येतेय. तू त्या कुरकुरीत नसावास.

नियम मेहेरबानीने बदलत नाहीत हेही कळू दे. लंडनमध्ये 1991 ला मायकेल वॉटसन ख्रिस युबँकशी लढला, अकराव्या राउंडला त्यानेच युबँकला खाली पाडलं आणि तो राउंड संपता संपता युबँकच्या एका अपरकटने, खालून वर मारलेल्या ठोशाने, सगळं फिरलं. वॉटसन 40 दिवस कोमात होता. रिंगजवळ श्वास चालू ठेवायची नीट सोय नव्हती, मेंदूच्या सर्जनपर्यंत पोचायला उशीर झाला, म्हणून तो ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाविरुद्ध कोर्टात गेला आणि जिंकला. आज तिथे रिंगजवळ जी वैद्यकीय व्यवस्था असते तिच्यामागे त्याचं भोगणं आहे. हाच वॉटसन 2003 ची लंडन मॅरेथॉन सहा दिवस चालून पूर्ण करतो.

तर सोडू का, याचं उत्तर. सोडलंस तर मी तुला कधीच कमजोर म्हणणार नाही, स्वीडनने 1970 मध्ये आणि नॉर्वेने 1981 मध्ये प्रोफेशनल बॉक्सिंगवर कायद्याने बंदी घातली होती, पुढे दोघांनी उठवली, पण शहाण्या लोकांनी गंभीरपणे हा निर्णय घेतलेला आहे. मी सोडलं नाही, कारण भीती समोर उभी असताना डोकं शांत ठेवणारा माणूस मला दुसऱ्या कुठल्या खेळात इतका जवळून दिसत नाही. हे कारण पुरेसं आहे का? मला दर वेळी तसं वाटत नाही. बघणार असशील तर हा हिशोब मिटेल अशी आशा ठेवू नकोस, तो उघडाच राहतो, आणि ज्या दिवशी पोटात कालवायचं थांबेल त्या दिवशी मात्र खरंच बंद कर.

आता तुझ्या धाकट्या बहिणीचं. मेरी कोम, निखत झरीन, लोवलिना बघून तिला क्लब लावायचाय आणि आई घाबरलीये, साहजिक आहे. जाऊ दे तिला, दोरीच्या उड्या, बॅग, पॅड यांनी पोरीचं भलंच होईल. पण आधी तू स्वतः जाऊन सरांना भेट. आठवड्यातून किती वेळा स्पॅरिंग, कोणाबरोबर, आणि मार लागून पोरीचं डोकं दुखलं तर तुम्ही काय करता, एवढं सरळ विचार. स्पर्धेत डोक्याला मार लागून फाइट थांबली तर किमान 30 दिवस स्पॅरिंगसुद्धा बंद असा नियम असतो, तो त्यांना न विचारता सांगता यायला हवा. "चक्कर येतेच, सवय होते" असं म्हणाले तर नमस्कार करून परत ये, ते कितीही मेडलवाले असोत. फी भरायच्या आधी जा, आणि काय म्हणाले ते मला रात्री फोन करून सांग.

तुझी,
मावशी