छोटा चेतन आणि चष्म्यावर चष्मा लावलेली आजी

आपण विचारले आहे की, लहानपणी पाहिलेल्या कोणत्या अद्भुतरम्य चित्रपटाच्या आठवणीने आजही हसू येते. माझे उत्तर ‘छोटा चेतन’ असे आहे. मात्र हसू येते ते पडद्यावर जे घडले त्यापेक्षा खुर्च्यांवर जे घडले त्याचे अधिक.

मुळात हा १९८४ सालचा मल्याळम चित्रपट, ‘माय डिअर कुट्टिचात्तन’. नवोदय अप्पच्चन यांनी तो काढला, त्यांचे चिरंजीव जिजो यांनी दिग्दर्शित केला आणि भारतातील पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्याचे हिंदी रूप पुण्यात लागले, तेव्हा आजीसकट आमचे सगळे घर तो पाहायला गेले. थ्रीडीसाठी घालायला मिळणाऱ्या चष्म्यांमुळे डोळे येतात अशी अफवा तेव्हा पसरली होती आणि ती निस्तरण्यासाठी निर्मात्यांनी अमिताभ बच्चन, जितेंद्र अशा बड्या नटांकडून पडद्यावरच सांगवून घेतले होते की, चष्मे दर वेळी स्वच्छ केले जातात. काकूचा अमिताभवर पूर्ण विश्वास होता, तरीही तिने आम्हा सर्वांचे चष्मे पदराने पुसून काढलेच.

आजीची अडचण निराळी होती. तिचा स्वतःचा जाड भिंगांचा चष्मा काढला तर पडदाच दिसेना आणि ठेवला तर नवा चष्मा नाकावर टिकेना. म्हणून तो एका हाताने धरून ती पूर्ण वेळ बसली होती. चित्रपटातील आइस्क्रीमचा कोन पडद्यातून निघून थेट आमच्या नाकासमोर आला, तेव्हा पुढच्या रांगांतील मुलांनी उभे राहून हवेत हात मारले, धाकट्या भावाने चक्क जीभ बाहेर काढली आणि आजी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाली, “अहो, जरा मागे सरका, सदऱ्यावर सांडेल!” ते गृहस्थ खरोखरच मागे सरकले होते.

या तंत्रात डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठीची दोन चित्रे वेगवेगळ्या दिशांनी ध्रुवित केलेल्या, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच ठरावीक दिशेत कंप पावतात अशा, प्रकाशात पडद्यावर पडतात आणि चष्म्याची प्रत्येक काच फक्त आपले चित्र आत सोडते. पडदाही त्यासाठी रुपेरी लागतो, कारण साध्या पांढऱ्या पडद्यावर प्रकाशाचे ध्रुवीकरण टिकत नाही. अर्थात मान तिरकी झाली की सारा हिशेब बिघडतो. हे शास्त्र मला फार पुढे कळले. त्या दिवशी मात्र बाबांच्या खांद्यावर डोके टेकताच चित्रपटातील भुतोबा चेतन एकाचे दोन दिसू लागला आणि हीदेखील त्याचीच जादू असावी, असे मी ठामपणे मानले.

कथाही केवळ चमत्कारांवर उभी नव्हती. दुष्ट मांत्रिकाच्या तावडीतून सुटलेला, लहान मुलाच्या रूपातील हा गमत्या भुतोबा मुलांचा मित्र होतो आणि त्यांच्यातील लक्ष्मीच्या दारुड्या वडिलांसाठी मद्यालयात जाऊन तेथील दारू स्वतःच रिचवू लागतो. आमच्या घरात या प्रसंगाचा बोध भलताच घेतला गेला: पुढचे कित्येक दिवस आम्ही भावंडे कोकम सरबताचे पेले एका दमात रिकामे करून ढेकर देत होतो आणि आई मांत्रिकाच्या भूमिकेत शिरत होती. मुले भिंतीवरून चालत छतावर पोहोचतात ते गाणे तर मी आजही कौतुकाने पाहतो. कॅमेरा खोलीला पक्का जखडून संपूर्ण खोलीच फिरवण्याची ती युक्ती होती आणि संगणकाची मदत नसताना ती इतकी बेमालूम साधली होती.

अलीकडचे थ्रीडी चित्रपट पडद्यामागे खोलवर पसरलेले दृश्य दाखवतात, वस्तू प्रेक्षकांच्या अंगावर फेकणे त्यांना बहुधा पोरकट वाटते. ‘छोटा चेतन’ला असा कोणताही संकोच नव्हता. १९९८ साली उर्मिला मातोंडकरची नवी दृश्ये जोडून तो हिंदीत पुन्हा आला, पण माझ्या मते त्या ठिगळांची काहीच गरज नव्हती. आपण तो पाहणार असाल तर साध्या, चष्म्याविना पाहायच्या प्रतीपासून सावध राहावे. तीत एखादे पात्र आइस्क्रीमचा कोन कॅमेऱ्यासमोर विनाकारण इतका वेळ धरून उभे राहते की, याला तो खायचा आहे की विकायचा, असा प्रश्न पडतो.