काळी माती कोणत्या रणगाड्याला?

मे उजाडला की रणगाड्यांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत निम्मे उन्हाचेच असतात. यंदाही तेच, म्हणून सुरुवात तिथूनच.

भुसावळ : एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) ऑलिव्ह ड्रॅब हा लष्करी हिरवट रंग मारला की रंग खरखरीत बसतो, बोट फिरवलं तर पावडर निघते. रंग बदलून पाहिला, फरक नाही. एअरब्रश बिघडलाय का?

बिघडला नाही. दोष दुपारचा आहे. 44-45 अंशांत ॲक्रिलिकचा थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच वाळतो आणि धूळ होऊन बसतो. सकाळी सातच्या आत रंगकाम उरका. नोझल पाच-सहा सेंटीमीटरवर आणा, हवेचा दाब 15 पीएसआयच्या आसपास ठेवा, रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणारा द्रव) दोन थेंब टाका. सुईच्या टोकाला रंग साचतो तो थिनरमध्ये बुडवलेल्या ब्रशने अधूनमधून पुसत राहा.

कूलरच्या झोतात मात्र बसू नका, गवताचे तुकडे उडून ओल्या रंगात चिकटतात. कूलरचा एक फायदा आहे, तो वेगळ्याच कामाला. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. कोरड्या दुपारी तो रेंगाळतो, कूलर चालू असला की चटकन धरतो.

आणि रंगवलेलं मॉडेल उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. माझ्या एका शर्मन रणगाड्याच्या प्लॅस्टिकच्या तोफेने काचेमागे तासाभरात मान टाकली होती. नळी गरम पाण्यात धरून सरळ केली, थंड पाण्यात बुडवली. झाली सरळ, पण रंग पुन्हा मारावा लागला.

शिरपूर : 1965 च्या असल उत्तरच्या लढाईचा देखावा करतोय. शेतातली काळी माती चाळून 1:35 मापाच्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) पाकिस्तानी पॅटन रणगाड्याच्या ट्रॅकला, म्हणजे साखळीपट्ट्याला लावली. मित्र म्हणतो, खोटं दिसतं. खरी माती खोटी कशी दिसेल?

मित्र बरोबर आहे, आणि कारणं दोन आहेत.

पहिलं, कण. 1:35 मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटीमीटरचा दगड. पिठाची चाळणी पुरत नाही. माती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. रात्रभर ठेवलं की तळाला जो मऊ गाळ बसतो तोच आपल्या कामाचा. तो वाळवून पावडर करा आणि मॅट वार्निशमध्ये कालवून लावा.

दुसरं कारण मोठं आहे. असल उत्तर पंजाबात, खेमकरणजवळ. तिथली माती नद्यांनी आणलेल्या गाळाची, फिकट तपकिरी. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, ती तिकडे कुठून येणार? तुमच्या पॅटनने तापी ओलांडल्यासारखं दिसतंय! शिवाय तिथे आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं होतं आणि पॅटन त्या चिखलात रुतले. म्हणजे नुसती धूळ चालणार नाही. रोडव्हील (ट्रॅकच्या आतली चाकं) आणि ट्रॅकवर ओला, गडद, किंचित चकाकणारा चिखल. हलच्या (रणगाड्याच्या धडाच्या) वरच्या भागावर तीच माती वाळून फिकट झालेली. काळ सप्टेंबरचा, पिकं उभी, ऊस उंच. भोवती उघडं रान दाखवू नका.

तुम्ही तयार केलेली काळी माती फेकू नका. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सराव मैदानावर निघालेला विजयंता हा भारतीय रणगाडा करा, तिथे ती शोभेल. पावसानंतर कपाशीच्या शेतातून चाललेला माणूस जाणतो : दहा पावलांत चप्पल किलोभर होते. रणगाड्याचंही तसंच. ही माती शिंतोडे उडवत नाही, लगदे धरते. स्प्रॉकेटच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांत, ट्रॅकच्या कड्यांमध्ये, फेंडरच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला लगदा भरा. ओली असताना काळीभोर, वाळली की राखेसारखी करडी. एकाच लगद्यात आत काळा आणि कडेला करडा असे दोन्ही रंग हवेत. इथे वॉशपेक्षा (पातळ केलेला रंग) पिगमेंट (कोरडी रंगपूड) बरं.

चाळीसगाव : असल उत्तरला जीपवरच्या तोफेने पॅटन फोडणारे अब्दुल हमीद यांची जीप करायची आहे. 106 मिमी तोफेच्या नळीसाठी किती जाडीची ट्यूब घेऊ? आणि भारतीय टी-55 रणगाड्यासाठी किटमध्ये काय बदलावं लागतं?

नाव 106, पण त्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेचा खरा व्यास 105 मिमी. जुन्या 105 मिमी तोफेच्या गोळ्यांशी घोळ होऊ नये म्हणून वेगळा आकडा दिला. 105 ला 35 ने भागा : आतला व्यास बरोबर 3 मिमी. पातळ भिंतीची पितळी नळी घ्या, प्लॅस्टिकची भिंत जाड दिसते.

टी-55 च्या तोफेच्या नळीवरचा, धूर बाहेर काढणारा फुगीर भाग, म्हणजे फुगा, टोकाला असतो. पाकिस्तानकडचा टाइप 59 रणगाडा दिसायला हुबेहूब तसाच, म्हणून 1971 मध्ये आपल्या टी-55 च्या नळीच्या मध्यावर एक खोटा फुगा बसवला होता, ओळख पटावी म्हणून. टोकाचा फुगा तसाच ठेवा, मध्यावर इपॉक्सी पुट्टीचा दुसरा वळवा.

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा जाऊन या. 1994 पासून आहे. वेल्डिंगच्या रेषा, ट्रॅकचा झोल, हॅचच्या कड्या यांचे जवळून फोटो काढा. रंग मात्र तिथून घेऊ नका. प्रदर्शनातले रणगाडे पुन्हा पुन्हा रंगवलेले असतात, लढाईतल्या रंगाशी त्याचा संबंध नसतो.

जळगाव : किटमधली टो-केबल (रणगाडा ओढायची तारेची केबल) प्लॅस्टिकची आहे, दोरी वाटते. बाहेरून मागवू का?

कशाला? मोटार रिवाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात जळालेल्या वाइंडिंगची बारीक तांब्याची तार मिळते. पाच-सहा पदर एकत्र धरा, एक टोक व्हाइसमध्ये, दुसरं हँडड्रिलच्या चकमध्ये, आणि सावकाश पीळ द्या. मेणबत्तीवर एकदा तापवली की तार मऊ पडते, मग हलवर ठेवाल तशी बसते.

पारोळा : जळत्या रणगाड्याचा धूर कापसाने करावा का?

घरचा कापूस आहे म्हणून मोह होतो, मलाही झाला होता. सहा महिन्यांत त्यावर धूळ बसते आणि धुराऐवजी फाटलेली गादी दिसते. काजळीचा काळा रंग, जळून सोललेला पेंट आणि रबर वितळून उघडी पडलेली रोडव्हीलं दाखवा.