क्रिएटिनिन बघून मुलीचं लग्न उरकू नका

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, वय ५८. साखर चौदा वर्षांपासून आहे, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. किडनीच्या रक्ततपासणीत माझं क्रिएटिनिन ऑगस्ट २०२३ मध्ये १.५, जून २०२४ मध्ये १.६ आणि यंदा मे २०२५ मध्ये एकदम २.१ आलं. जुलैत पुन्हा केलं तर १.७. मेमध्ये कंबर धरली होती म्हणून मेडिकलवरून गोळ्या आणून आठ-दहा दिवस खाल्ल्या, बाकी विशेष काही नाही. साडू म्हणतात, दोनच्या वर गेलं की वर्षभरात डायलिसिस. त्यांच्या चुलत्यांचं तसंच झालं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझे हातपाय चालताहेत तोवर तिचं लग्न उरकून टाकावं असं घरात चाललंय. घरी रक्त घ्यायला येणारा मुलगा म्हणतो, नवीन पॅकेजमध्ये सिस्टॅटिन सी आणि आणखी दोन-तीन तपासण्या आहेत, त्यातून किडनी किती वर्षं चालेल ते कळतं. करू का? आणि घरची केळी खाणं बंद केलंय, ते बरोबर ना?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ‘बाकी विशेष काही नाही’ म्हणून सोडून दिलंत. मे महिना, रावेरचं ऊन, दिवसभर बागेत, त्यात कंबरदुखीची गोळी आणि वर टेल्मिसार्टन. तुम्ही ठिबकवाले, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी एक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी आत येणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं. एरवी ते फायद्याचंच असतं, कारण गाळणीवरचा जादा दाब उतरतो. पण घाम जाऊन जाऊन विहिरीतच पाणी कमी झालं, तर गाळणीत दाब उरतच नाही आणि क्रिएटिनिन वर जातं. ते तुमचं २.१. गोळी थांबली, पाऊस पडला, १.७ वर आलं. म्हणजे तो आकडा त्या दहा दिवसांचा होता. साडूंच्या चुलत्यांशी त्याचा संबंध नाही.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मीच हा घोळ घातला होता. जुलाब लागलेला एक शेतकरी आला, क्रिएटिनिन ४.८. जुना रिपोर्ट मागायचं सुचलं नाही. डायलिसिससाठी हातावर कराव्या लागणाऱ्या फिस्तुल्याचं, खर्चाचं सगळं मी त्याच्या बायकोसमोर बोलून मोकळी झाले. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा क्रिएटिनिन १.६ होतं आणि मधल्या काळात त्यानं बैलजोडी विकली होती. तेव्हापासून पहिल्या रिपोर्टवर मी भविष्य सांगत नाही.

आता आकड्याचं. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून निघणारा कचरा. तो किती तयार होतो ते अंगावर मांस किती यावर ठरतं. म्हणून एकच १.४ हा आकडा पंचवीस वर्षांच्या पोराला निघाला तर त्याची किडनी ७० च्या आसपास काम करते, आणि पंचाहत्तर वर्षांच्या आजीला निघाला तर तिची चाळिशीही गाठत नाही. हा दुसरा आकडा म्हणजे जीएफआर, किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज, वय आणि लिंग धरून क्रिएटिनिनवरूनच काढलेला. अमळनेर-धुळ्याकडचे पेशंट मला अहिराणीत सरळ विचारतात, ‘मनी किडनी कितली ऱ्हायनी?’ त्याचं उत्तर क्रिएटिनिनपेक्षा जीएफआर बरं देतो.

तुमचे चारही रिपोर्ट मी जीएफआर काढायच्या २०२१ च्या सूत्रात घातले : ५४, ५०, ३६, ४६. मेचा ३६ बाजूला ठेवा. उरले ५४, ५०, ४६. दोन वर्षांत आठ, म्हणजे वर्षाला चार. चाळिशीनंतर साध्या वयानं वर्षाला साधारण एक उतरतो, त्यामानाने तुमचा उतार जास्तच आहे, ते मी लपवत नाही. पण वर्षाला पाचच्या वर सतत घसरण असली तर आम्ही तिला वेगाची म्हणतो, तेवढी ती नाही. शेवटचा टप्पा १५ च्या खाली सुरू होतो. काहीच उपाय न करता हाच उतार धरला तरी तिथं पोचायला पावणेआठ वर्षं लागतील, आणि तिथं पोचल्या दिवशी डायलिसिस लागतंच असंही नाही. शिवाय उपाय न करता बसायचं कशाला?

पण तीन ठिपक्यांवर काढलेली ही रेघ कच्ची आहे, आणि ती पक्की करणारी गोष्ट रक्तात नाहीच, लघवीत आहे. तुम्ही अकरा पानांचे रिपोर्ट पाठवलेत. त्यात व्हिटॅमिन आहे, थायरॉइड आहे, लोह आहे. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे गाळणीतून गळणारं प्रथिन, तेवढं नाही. चौदा वर्षं साखर असलेल्या माणसाची ही एक तपासणी कुणीच केली नाही, याचा मला राग येतो. सकाळची पहिली लघवी, त्यातलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, म्हणजे एसीआर. ३० च्या आत असेल तर ठीक, ३०० च्या वर गेलं तर गाळणी चांगलीच फाटली आहे. ताप किंवा लघवीची जळजळ असताना करू नका, आणि वाढलेलं निघालं तर पुन्हा करून खात्री करा.

कॅनडातले डॉ. नवदीप तंग्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक समीकरण मांडलं. पुढे ते तीसएक देशांतल्या सात लाखांहून जास्त पेशंटवर पडताळलं गेलं. वय, लिंग, जीएफआर आणि हे एसीआर, एवढ्या चार गोष्टींवरून पुढच्या दोन आणि पाच वर्षांत किडनी निकामी होण्याची शक्यता ते सांगतं. मी तुमचं वय आणि जीएफआर ४६ घालून दोनदा गणित केलं. एसीआर २० धरलं तर पाच वर्षांत शंभरात साधारण एक. एसीआर १००० धरलं तर शंभरात सात. रक्ताचा रिपोर्ट तोच, माणूस तोच. पहिला आकडा आला तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडेच राहा, दुसरा आला तर किडनीच्या डॉक्टरकडे यायला उशीर नको. त्याच समीकरणाचा मोठा भाऊ रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट आणि अल्ब्युमिनही विचारात घेतो. तुमच्या टप्प्यावर त्यानं फारसं नवं काही हाती लागणार नाही.

पॅकेजबद्दल. सिस्टॅटिन सी ही खरी आणि चांगली तपासणी आहे. हे प्रथिन अंगातल्या जवळपास सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे मांस कमी-जास्त असल्यानं क्रिएटिनिन फसतं तसं ते फारसं फसत नाही. सुकून गेलेली म्हातारी माणसं, पाय कापलेले, जिममध्ये क्रिएटिनची पावडर खाणारी पोरं, यांच्यासाठी मी ती हमखास करते. पण स्टेरॉइड, थायरॉइडचा बिघाड, तंबाखूचं धूम्रपान, खूप लठ्ठपणा, यांनी तीही हलते. तुम्हाला एकदा करायची तर करा, दर तीन महिन्यांनी नको. बाकीची नावं तुम्ही लिहिली नाहीत, पण मला अंदाज आहे. सूपार, टीएनएफ रिसेप्टर, किम-१ या रक्तातल्या प्रथिनांची पातळी जास्त असलेल्यांची किडनी लवकर घसरते असं संशोधनात दिसलं आहे. तरी तो आकडा हातात आला म्हणून उद्या सकाळी तुमच्या गोळ्यांत मी काय बदलू? काहीच नाही. ते पैसे एसीआरला आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिनला लावा. साखरेची ही औषधं किडनीचा उतार कमी करतात. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि किंमत उतरली. तुमच्या डॉक्टरांना विचारा. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वर गेलेलं दिसेल. घाबरून गोळी बंद करू नका, ते अपेक्षित असतं. जेवणपाणी सुटलं किंवा जुलाब-उलट्या लागल्या, तर ही गोळी आणि टेल्मिसार्टन दोन्ही तेवढे दिवस थांबवायच्या का, ते त्याच दिवशी फोन करून विचारा.

केळीचं तर काय बोलू! जळगाव जिल्ह्यात किडनीचा पेशंट दिसला की पहिली केळी बंद होतात, मग बाकीचं बघतात. मधल्या आकाराच्या केळीत चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, ते खरं. पण तुमचं पोटॅशियम ४.६ आहे. घरच्या बागेतली एक केळी खा आणि टेल्मिसार्टन चालू आहे म्हणून पोटॅशियम तपासत राहा. साडेपाचच्या वर गेलं तर मग मीच बंद करेन. त्याऐवजी ताटातली बिबडी, पापड, लोणचं आणि शेवभाजीवरची शेव आवरा, तिथलं मीठ बीपी वाढवतं.

मुलीला तिसरं वर्ष पूर्ण करू द्या. तिला लग्न करायचं असेल तेव्हा ती करेल. तुमचा जीएफआर तिच्या कुंडलीत घालू नका. ही घाई तिच्या कानावर गेली असेल तर हे उत्तर तिलाच मोठ्यानं वाचायला सांगा, ५४-५०-४६ तिला एका मिनिटात कळेल.

एसीआर केल्यावर, आणि तीन महिन्यांनी त्याच लॅबमध्ये क्रिएटिनिन केल्यावर, मला पुन्हा लिहा. आदल्या रात्री मटण नको, त्यानंही क्रिएटिनिन चढतं. आणि कंबरेच्या त्या गोळीची रिकामी स्ट्रिप फेकली नसेल तर तिच्यावरचं नाव तेवढं लिहून कळवा.