फ्रँचायझी पुण्याची, फ्रँचाईज विम्याचा

प्रश्न : गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात आमचं वडिलांच्या काळापासून चहाचं हॉटेल आहे, जागा भाड्याची. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका चहा कंपनीची फ्रँचायझी घेतली. पाच वर्षांचा करार, फी चार लाख, डिपॉझिट एक लाख. यंदा जूनच्या अखेरीस वाळवंटी नदीचं पाणी दुकानात शिरलं. दुकानाचा विमा माझ्या नावावर आहे, म्हणून ६१,४०० रुपयांचा क्लेम केला. आता विमा कंपनीचं पत्र आलंय : सर्व्हेअरने नुकसान ४५,४०० धरलं, पॉलिसीत ५०,००० चा 'फ्रँचाईज' आहे, सबब काही देय नाही. फ्रँचायझीचा विषय म्हणून पुण्याला कळवलं, तर ते हात झटकतात आणि उलट दुकान बंद होतं त्या दीड महिन्याची किमान रॉयल्टी मागतात. इकडे जागेचे मालक म्हणतात, तुम्ही दुकान पुण्याच्या कंपनीला पोटभाड्याने दिलंत, खाली करा. कंटाळून करार सोडावा म्हटलं तर त्यात अट आहे, नंतर दोन वर्षं तालुक्यात चहाचा धंदा करायचा नाही. काय करू?

उत्तर : आधी पुण्याच्या कंपनीवरचा राग जरा बाजूला ठेवा. रॉयल्टीचं पुढे बघू, पण विम्याच्या बाबतीत ते खरं बोलताहेत. विमा कंपनीच्या पत्रातला 'फ्रँचाईज' आणि तुमच्या पाटीवरची 'फ्रँचायझी' हे इंग्रजीत एकाच घराण्यातले शब्द. पण तुमच्या दोन कागदांत त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही.

घोळ तुमचा एकट्याचा नाही. मराठीत आपण फ्रँचायझी हा एकच शब्द सगळीकडे वापरतो. करार म्हणजे फ्रँचायझी, तो घेणारा तुमच्यासारखा माणूसही फ्रँचायझी आणि आयपीएलमध्ये खेळाडूंवर बोली लावणारा संघही फ्रँचायझी. भिवंडीत २००७ पासून वीज वाटण्याचं काम खासगी कंपनीकडे आहे, तीही फ्रँचायझीच. आपल्याकडे वीजखातं सरकारी, त्यामुळे तो अर्थ गोव्यात कुणाच्या तोंडी नसतो. उलट गोव्यातल्या वकिलाला तिसराच अर्थ जास्त भेटतो : मताधिकार. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि मतदारयादीतून नाव कमी होतं. त्या प्रकरणांच्या इंग्रजी कागदांत फ्रँचाईज म्हणजे मत देण्याचा हक्क. १६ जानेवारी १९६७ ला गोव्याने फूल की दोन पानं, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हे ठरवलं, ते याच फ्रँचाईजच्या बळावर.

या सगळ्याच्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधला 'फ्रँक' आहे. अर्थ मोकळा, मुभा असलेला. कुणाला मत देण्याची मुभा, कुणाला दुसऱ्याच्या नावाने चहा विकण्याची. तुमच्या कराराच्या पहिल्या पानावर मुद्रांकाचा लाल ठसा आहे ना, ते फ्रँकिंगही त्याच मुळाचं. आणि विम्यात? तिथे मुभा विमा कंपनीला असते : ठरावीक रकमेच्या खालचं नुकसान भरून देण्यातून सुटका.

हा प्रकार जहाजांच्या विम्यातून आला. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याला जोडलेल्या नमुना पॉलिसीत साखर, तंबाखू, कातडी यांचं अंशतः नुकसान ५ टक्क्यांच्या आत असलं तर काही मिळणार नाही, बहुतेक इतर मालाला ३ टक्के, असं लिहिलं आहे. पोतंभर साखर ओली झाली म्हणून कुणी दार ठोठावू नये, एवढाच हेतू. पण रेषा ओलांडली की भरपाई पूर्ण रकमेची. यातच तुमचं सगळं प्रकरण आहे, म्हणून सावकाश वाचा.

दुकानांच्या पॉलिसीत बहुधा 'एक्सेस' किंवा 'डिडक्टिबल' असतो, म्हणजे वजावट. वजावट ५०,००० ची असती, तर ६०,००० च्या नुकसानीवर तुम्हाला १०,००० मिळाले असते. फ्रँचाईज ५०,००० चा असेल, तर ४९,९०० वर शून्य आणि ५०,२०० वर पूर्ण ५०,२००. तेव्हा तुमचा खरा वाद ५०,००० च्या रेषेला कमी पडलेल्या ४,६०० रुपयांचा आहे.

तुम्ही जोडलेला सर्व्हे रिपोर्ट मी पाहिला. चहाचं मशीन १८,०००, फ्रिजची मोटर १४,५००, काउंटर १५,०००. तिन्हींवर २० टक्के घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, लावून ते ३८,००० धरलेत. भिजलेला माल ७,४०० तसाच मान्य. वायरिंगचे ४,८०० आणि चिखल काढण्याचे १,७०० साफ नामंजूर, शेरा 'योग्य बिल नाही'. वायरमनने पाकिटाच्या पाठीवर आकडा लिहून दिलेला दिसतो. आपल्याकडे सगळे असंच देतात, पण विमा कंपनीला ते चालत नाही. त्याच्याकडून तारीख, काम, नाव, पत्ता आणि सही असलेलं रीतसर बिल घ्या, पैसे यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंद जोडा. एवढी एक बाब मान्य झाली तरी आकडा ५०,२०० होतो.

दुसरी वाट घसाऱ्याची. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये भरपाई 'रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू'वर, म्हणजे वस्तू नवी घेण्याच्या किमतीवर, असं लिहिलंय का बघा. तसं असेल आणि तुम्ही खरोखर दुरुस्ती किंवा बदली केली असेल, तर घसाऱ्याची कात्री चुकीची. मग ९,५०० परत येतात आणि वायरिंगशिवायही ५४,९०० होतात. 'मार्केट व्हॅल्यू' असेल तर घसारा बरोबर. तो मुद्दा सोडा आणि बिलावर जोर द्या.

रेषा ओलांडल्यावर कंपनी म्हणू शकेल की ५०,२०० मधून ५०,००० वजा, हे घ्या २०० रुपये. हसू नका, असं होतं. पॉलिसीत फ्रँचाईज शब्दाची व्याख्या असेल तर ती आधी वाचा. नसेल तर लेखी लिहा की तुमच्याच कागदात एक्सेस म्हटलेलं नाही, फ्रँचाईज म्हटलं आहे. पॉलिसीची भाषा कंपनीने लिहिलेली असते आणि ती संदिग्ध असेल तर अर्थ विमाधारकाच्या बाजूने लावायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय.

हे सगळं एका पत्रात घालून विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा आणि पोच घ्या. महिन्याभरात उत्तर नाही, किंवा उत्तर नकाराचं आलं, तर विमा लोकपालाकडे जा. एकट्या मालकीच्या छोट्या धंद्याच्या पॉलिसीही तिथे चालतात, फी नाही, आणि वकील चालत नाही (म्हणजे माझी कमाई गेली, पण तुमच्यासाठी तीच वाट बरी). मात्र नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं आणि तोवर त्याच विषयावर दुसरीकडे दावा टाकलेला नसावा. ग्राहक आयोगाचा रस्ताही उघडा आहे, मुदत दोन वर्षं. 'धंद्याचा विमा, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असं कुणी म्हटलं, तर २०२३ चा हर्सोलिया मोटर्सचा निकाल दाखवा : विमा नफ्यासाठी घेत नाहीत, नुकसान भरून निघावं म्हणून घेतात.

आता जागेचे मालक. तुमची भाडेकरारी जुनी आहे, त्यामुळे गोव्याचा १९६८ चा इमारत भाडे नियंत्रण कायदा लागू आहे असं धरतो. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे त्यात बाहेर काढायला कारण आहे खरं. पण पोटभाडं ठरायला जागेचा ताबा दुसऱ्याकडे जावा लागतो. किल्ली तुमच्याकडे, वीजबिल तुमच्या नावावर, गल्ल्यावर तुम्ही. आधी चहाच होता, आताही चहाच. पाटी बदलली म्हणून ताबा बदलत नाही. फक्त करारात 'गरज पडल्यास कंपनी दुकान ताब्यात घेऊन चालवील' अशी ओळ आहे का पाहा. असली तर तिच्यावर अंमल होऊ देऊ नका, मालकांच्या हातात तेवढंच कोलीत मिळेल. भाडं बँकेतून भरत राहा. तोंडी 'खाली करा'ला काही अर्थ नसतो, त्यासाठी भाडे नियंत्रकाचा आदेश लागतो.

रॉयल्टीचं दुखणं करारावर अवलंबून आहे. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. जे आहे ते करारात आणि १८७२ च्या करार कायद्यात. पूर, वादळ अशा वेळी हप्ता थांबेल असं कलम असेल तर ते लागू करा. नसेल तर किमान रॉयल्टी देणं लागतं, आणि मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. दुकान बंद असल्याचे फोटो आणि नगरपालिकेचा पंचनामा जोडून सूट मागा. चालू दुकान बंद पडण्यापेक्षा दीड महिना सोडणं कंपनीला बहुधा परवडतं.

दोन वर्षांच्या बंदीची मात्र फार धास्ती घेऊ नका. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कुणाला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारी अट तेवढ्यापुरती निरर्थक असते. करार चालू असताना दुसऱ्याचा माल विकू नये, ही अट चालते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात, तोही फ्रँचाईजच्याच करारावरून होता, तसं सांगितलं. करार संपल्यावर ती तशीच ओढता येत नाही. पण त्यांचं नाव, त्यांचे छापील कप आणि त्यांचा तयार मसाला त्याच दिवशी बंद व्हायला हवा. तो ट्रेडमार्कचा मामला आहे, तिथे कलम २७ कामाला येणार नाही. वडिलांच्या नावाची जुनी पाटी असेल तर ती लावा.

तरी आज करार मोडू नका. मुदतीआधी सोडलात तर डिपॉझिट आणि नुकसानभरपाईचा वाद सुरू होईल, आणि लवादाची जागा पुणे आहे. तिथे खेपा घालणं एक लाखाच्या डिपॉझिटला परवडणारं नाही. आधी विम्याचे पैसे हातात येऊ द्या. आणि त्या वायरमनला या आठवड्यातच गाठा. चवथीच्या लायटिंगची कामं सुरू झाली की तो फोनही उचलणार नाही.