२४०झेडला रुंद टायर? स्पेसरची घाई नको
डॅटसन २४०झेड ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतलीत, मनापासून अभिनंदन! रुंद टायरसाठी स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी, हब आणि चाकामधली चकती) लावू का, असं विचारलंत. आधी १९५/७० (१९५ मिमी रुंद) टायर लावून बघा, मूळचे १७५ मिमीचे होते. गाडी चाकांवर उभी ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा. नवखे फक्त फेंडर (चाकावरचा पत्रा) बघतात; पुढचा टायर आतल्या बाजूला स्ट्रटवरच्या (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यावरच्या) स्प्रिंगच्या वाटीलाही घासू शकतो.

स्पेसर लागलाच तर:
- स्टड (चाकाचा नट बसतो तो बोल्ट) १२ मिमीचा आहे. नट हाताने फिरवत वेढे मोजा. दहा भरले नाहीत तर लांब स्टड हवेतच. मी सहावर भागवलं होतं. हायवेवर चाक थरथरायला लागलं, उतरून पाहिलं तर दोन नट ढिले.
- एकावर एक दोन स्पेसर कधीच नाही.
- शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) पुन्हा तपासा.

कॅम्बरचं (चाकाच्या आत-बाहेर कलण्याचं) नंतर बघू. आधी मापं घेऊन कळवा.