आर्च हाताने टाकायचं की आर्चइन्स्टॉलने?

तुमचा प्रश्न असा, की कॉलेजच्या प्रोजेक्टच्या लॅपटॉपवर आर्च लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचीय आणि मित्र म्हणतात, इन्स्टॉलर (सगळं आपोआप बसवून देणारा प्रोग्रॅम) वापरला तर ते 'खरं आर्च' नाही. मित्रांना सांगा, २०१२ पर्यंत आर्चच्या आयएसओत (पेनड्राइव्हवर घालायच्या डाउनलोड फाइलमध्ये) इन्स्टॉलर होताच. मधली काही वर्षं नव्हता, २०२१ पासून आर्चइन्स्टॉल हा नवा इन्स्टॉलर आला. सोवळं-ओवळं पाळण्यासारखं त्यात काही नाही.

माझी फजिती सांगतो. २०१९ च्या शेवटी मी एक जुना व्हिडिओ बघून हाताने, म्हणजे एकेक कमांड देत, आर्च टाकलं. त्याच सुमारास 'बेस' या मूळ पॅकेजसंचातून कर्नल (सिस्टीमचा गाभा) वगळला गेला होता, हे व्हिडिओवाल्याला कुठून माहीत असणार! पॅकस्ट्रॅप झालं (पॅकेजं डिस्कवर पडली), जेनएफस्टॅब झालं (सुरू होताना कुठली पार्टिशनं जोडायची त्याची यादी, म्हणजे एफस्टॅब फाइल, बनली), क्रूटमध्ये, म्हणजे नव्या सिस्टीमच्या आत, शिरल्यावर कळलं की कर्नलच नाही. मग बूट पार्टिशन (डिस्कचा जो भाग कर्नल ठेवायला असतो तो) तिथेच माउंट केलं, म्हणजे जोडलं, कर्नल टाकला, ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल उचलणारा प्रोग्रॅम) बसवला. मशीन चालू झालं, मी खूश.

पण एफस्टॅब आधीच लिहून झाली होती. तिच्यात बूट पार्टिशनची ओळच नव्हती! पहिल्या कर्नल अपडेटला नवा कर्नल रूट (मुख्य) पार्टिशनवरच्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये जाऊन पडला. ग्रब बिचारा जुनाच कर्नल उचलत राहिला, आणि त्या जुन्याची मोड्यूल्स (गरजेनुसार कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरसारखे तुकडे) पॅकमनने, म्हणजे आर्चच्या पॅकेज मॅनेजरने, काढून टाकलेली. वाय-फाय गायब. बूट पार्टिशन माउंट करायला गेलो तर व्हीफॅट (त्या पार्टिशनची फाइल सिस्टीम) ओळखत नाही म्हणे, कारण तेही मोड्यूलच.

इन्स्टॉलरने ही चूक केली नसती, हे कबूल. पण पेनड्राइव्हवरून लाइव्ह आर्च (डिस्कवर न टाकता चालणारं) चालू करून दोन्ही पार्टिशनं माउंट करायची, आर्च-क्रूट करायचं, कर्नल पुन्हा टाकायचा, एफस्टॅबमध्ये राहिलेली ओळ घालायची, हे मला पंधरा मिनिटांत जमलं ते हाताने केलेल्या इन्स्टॉलमुळेच. दुरुस्तीच्या पायऱ्या जवळपास त्याच असतात.

म्हणून लॅपटॉपवर बिनधास्त आर्चइन्स्टॉल वापरा. झालं की एफस्टॅब उघडून कुठली ओळ कशासाठी आहे ते बघा. हाताने करायची हौस व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) भागवा, आर्चचं विकी समोर ठेवून, व्हिडिओ बंद करून. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये ईएफआय (मशीन सुरू करायची आजकालची पद्धत) चालू करायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉपवरचा प्रकार वेगळा आणि सराव भलत्याचाच. एकदा नीट चालू झालं की माझ्या फजितीचा सराव म्हणून एफस्टॅबमधली बूटची ओळ मुद्दाम खोडा, रीस्टार्ट करा, कर्नलचं नवं अपडेट आलं की ते टाका आणि परत रीस्टार्ट करून बघा. आणि हो, नेटवर्कमॅनेजर (नेट जोडून देणारा प्रोग्रॅम) आठवणीने टाका आणि चालू करा. लाइव्ह आयएसओत नेट चालतं म्हणून टाकलेल्या सिस्टीममध्ये चालेलच असं नाही.

प्रोजेक्ट जमा करायच्या आठवड्यात मात्र अपडेट करू नका.